गाडगेबाबांचा हिशोब

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी चक्क टाळाटाळ केली. शाळा सुटल्यापासून मराठीत दोन पानं सलग लिहायची वेळच आलेली नाही. दिवसभर जे लिहिते ते मशीनसाठी, आणि ते वाचून कोणाचे डोळे भरून यायची शक्यता नाही. मग आठवलं, की शाळेत मी एक निबंध जवळजवळ दरवर्षी लिहायचे आणि त्याला दरवर्षी बरे गुण मिळायचे. गाडगेबाबांचा. २० डिसेंबर जवळ आला की फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने झाडू आणि मडकं काढलं जायचं, निबंधस्पर्धा व्हायची. स्नेहसंमेलनाच्या वेशभूषेत एक तरी गाडगेबाबा असायचाच. ज्याच्या घरी फुटकं मडकं सापडेल तो गाडगेबाबा, एवढं सोपं ते काम. आपल्या वर्गातला त्या वर्षीचा गाडगेबाबा आता अकोल्यात चांगला मोठा व्यापारी आहे. नाव सांगत नाही, तो हा लेख वाचणार आहे.

त्या निबंधात एक वाक्य मी न चुकता लिहायचे : बाबांच्या मामांचे शेत सावकाराने गिळले. मग लगेच पुढच्या परिच्छेदावर उडी, स्वच्छतेवर. त्या वाक्याशी माझा काही संबंध आहे हे कळायला मला तीस वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, माझे वडील. दर्यापूरकडच्या आमच्या गावचं घर आवरताना त्यांच्या लोखंडी ट्रंकेत कागदांची एक चळत सापडली. त्यात आजोबांच्या काळचा एक स्टॅम्पपेपर होता. सगळा मजकूर कोणा लिहिणाराच्या वळणदार अक्षरात, आणि खाली शाईचा एक फराटा पडलेला गोल डाग. शेजारी लिहिलेलं : निशाणी डाव्या हाताचा अंगठा. मी तो कागद तीनदा वाचला. वरच्या मजकुरात जे शेत गहाण म्हणून दिल्याचं आजोबा आयुष्यभर सांगत होते, ते त्या कागदावर विकलेलं होतं. आमच्या घरात ‘नदीकडचं वावर’ ही गोष्ट नेहमी नशिबाची म्हणून सांगितली जायची. ती नशिबाची नव्हती, वाचता न येण्याची होती.

त्यानंतर मी गाडगेबाबांची चरित्रं काढून वाचली. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेलं, गो. नी. दांडेकरांनी लिहिलेलं. गोनीदांनी तर तरुणपणी बाबांचा सहवास अनुभवलेला. निबंध लिहिताना जे गाळलं होतं तेच आता शोधत होते, म्हणून हा लेख थोडा त्याच बाजूला झुकलेला असेल. मराठीच्या बाईंनी विषयांतराचे गुण कापले तरी हरकत नाही.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात. घर परटाचं. वडील झिंगराजी दारूत गेले. डेबू तेव्हा आठेक वर्षांचा. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. आपल्यापैकी जे शकुंतलेनं मूर्तिजापूरहून अंजनगाव-अचलपूरकडे गेले आहेत त्यांच्या डोळ्यांपुढे हा टापू येईल. पूर्णेचा काठ, काळीभोर जमीन आणि विहिरीला खारं पाणी. खारपाणपट्टा. तिथे पाऊस चुकला की विहीर असून उपयोग नसतो, त्यामुळे कर्ज ही तिथल्या घरांची सवय नसते, हवामान असतं.

मामा चंद्रभान यांच्याकडे डेबू ढोरं वळायला लागला, मग वखर धरायला. अंगानं धट्टाकट्टा, पूर्णेच्या पुरात पोहणारा, कामाला वाघ. शाळेशी संबंध नाही. अक्षर एक येत नव्हतं आणि पुढेही आलं नाही. पण रात्री भजनाला बसायचा, आणि ज्यांना गावानं शिवेबाहेर ठेवलं होतं त्यांच्या शेजारीही बसायचा. तुकोबांचे अभंग, कबिराचे दोहे जे काही त्याच्या तोंडी होतं ते सगळं असं ऐकून ऐकून आलेलं. पुढे त्यांच्या कीर्तनाला विद्वान येऊन बसत, पण मुळात हा कानानं शिकलेला माणूस.

मामांनी सावकाराकडून कर्ज घेतलं होतं. पीक निघालं की माल सावकाराकडे जायचा आणि मामा समजायचे की फिटतंय. कागदावर काय चढतंय, काय उतरतंय, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. शेवटी कळलं ते असं, की जमीन आपली राहिलीच नाही. चंद्रभान त्या धक्क्यातून उठले नाहीत. पुढे सावकाराची माणसं वावराचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी एकटा आडवा उभा राहिला आणि त्यानं त्यांना पिटाळून लावलं, असं चरित्रकार सांगतात. निबंधात आम्ही हा प्रसंग शौर्याचा म्हणून लिहायचो. आता वाचताना मला त्यातलं शौर्य कमी दिसतं. मला दिसतो तो तरुण, ज्याला पहिल्यांदा समजलंय की काठीनं माणसं पळवता येतात, कागद पळवता येत नाही.

माझ्या मते त्यांच्या पुढच्या आयुष्याचा बराचसा उलगडा या वावरातच होतो. वडील दारूनं गेले, मामा कर्जानं गेले. दोन्ही गोष्टी गावाच्या लेखी रीतीच्या होत्या, कोणाला त्यात नवल नव्हतं. डेबूजीला ते खटकलं. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचं जेवण द्यायला हवं होतं. त्यानं गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रुसले, बोलले. आजच्या काळात ही फार मोठी गोष्ट वाटणार नाही, पण आपल्याकडे लग्नातली एक पंगत कमी करायची म्हटलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या घरानं ते सव्वाशे वर्षांपूर्वी सोसलं.

१ फेब्रुवारी १९०५ ला, एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात काठी आणि मडक्याचं खापर. मागे म्हातारी आई, बायको कुंताबाई, लेकरं. इथे मी अडते, आणि अडले हे लपवणार नाही. संतांनी घर सोडलं की आपण हात जोडतो आणि घर कोणी चालवलं हे विचारत नाही. कुंताबाईंनी आणि सखुबाईंनी ते चालवलं. त्यांच्यावर निबंध लिहायला आम्हाला कोणी सांगितलं नाही. मी दोन मुलांची आई आहे, महिन्यातून दहा दिवस नवरा फिरतीवर असतो, तेवढ्यानंही माझी चिडचिड होते. बाबांबद्दलचा आदर आणि ही अडचण, दोन्ही माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात, एकमेकांना हाकलत नाहीत.

पुढची बारा वर्षं ते भटकले. डोक्यावर खापर उपडं, त्याच खापरात भाकर मागून खायची. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. लोक हवं ते नाव द्यायचे, शेवटी गाडग्यावरून गाडगेबाबा हे टिकलं. गावात शिरलं की आधी झाडू. कोणाशी न बोलता गल्ल्या झाडायच्या, नाल्या उपसायच्या, काम झाल्यावर कोणी भाकर दिली तर घ्यायची आणि पुढे निघायचं. काम आधी, भाकर मागून, आणि उधारी कोणाची नाही. गावाला या माणसाचं काही देणं लागत नव्हतं, या माणसाला गावाचं काही देणं लागत नव्हतं. मला तर हा त्यांचा सगळ्यात पहिला हिशोब वाटतो.

या काळातलं त्यांचं पहिलं मोठं काम आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, ऋणमोचनचं. पूर्णेच्या काठी, भातकुली तालुक्यात, मुद्गलेश्वराचं ठिकाण. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीच्या काठावर चिखल, बायामाणसं, म्हातारी घसरून पडायची. १९०८ मध्ये बाबांनी तिथे घाट बांधून घेतला. त्या यात्रेत ते आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालत. मी लहानपणी आजीबरोबर ऋणमोचनला गेले आहे, घाटाच्या पायऱ्यांवर बसून रेवड्या खाल्ल्या आहेत. त्या नावाचा अर्थ तेव्हा मनात आला नाही. कर्जातून सोडवणारं गाव. तिथल्या पाण्यात बुडी मारली की ऋण फिटतं अशी लोकांची श्रद्धा. आणि ज्याचं घर कर्जानं बुडालं तो माणूस तिथे लोकांचे पाय घसरू नयेत म्हणून पायऱ्या बांधत होता. त्यांनी हे गाव नावामुळे निवडलं असं मी म्हणणार नाही. गाव जवळचं होतं, पाणी जवळचं होतं, एवढंच पुरे.

आता त्यांच्या कीर्तनाबद्दल, कारण हा भाग आपल्या सरांनी आणि बाईंनी वाचावा असं मला मनापासून वाटतं. इतर कीर्तनकार सांगतात, बाबा विचारायचे. वऱ्हाडी बोलीत, अगदी साधे प्रश्न, आणि उत्तर समोरच्या हजारो माणसांकडून काढून घ्यायचे. देवाला अंघोळ कोण घालतं, देवाला नैवेद्य कोण दाखवतं, त्या नैवेद्यावर कुत्रं आलं तर त्याला कोण हाकलतं. लोक उत्तरं देत जायचे आणि पाचव्या-सहाव्या प्रश्नाला आपल्याच उत्तरांत अडकायचे. मग बाबा पुढचं बोलायचे : देव पाहायचा तर भुकेल्यात पाहा, त्याला बोकड लागत नाही, नवस लागत नाही. मधूनच सगळ्यांना गोपालाच्या गजरात ओढायचे, की बुद्धीला बसलेला चटका थोडा निवायचा. आमच्याकडे ऑफिसात नव्या मुलांच्या कोडमधली चूक दाखवताना चूक सांगायची नसते, प्रश्न विचारत जायचं असतं, असं प्रशिक्षणात शिकवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. हे खापरवाल्या माणसानं मूर्तिजापूरच्या बाजारात करून दाखवलं होतं.

अखेरच्या काळात, १९५६ मध्ये, मुंबईत वांद्र्याला त्यांनी केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. जरूर ऐका. आवाज थकलेला आहे, धाप लागते, पण प्रश्न सुटत नाही. डॉ. श्रीराम लागूंनी ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात बाबांचं काम केलं, १९७७ साली. लागू स्वतः देव न मानणारे. तरी त्या कामात कुठे फट दिसत नाही, आणि याचं श्रेय जितकं लागूंना तितकंच बाबांच्या श्रद्धेच्या जातीलाही आहे. आस्तिकाला आणि नास्तिकाला एकाच पंगतीला बसवणारी ती श्रद्धा होती. ती मूर्तीपाशी थांबायची नाही. पंढरपूरच्या वारीला बाबा वर्षानुवर्षं गेले, पण विठोबाच्या गाभाऱ्याची ओढ त्यांना नव्हती. ते वाळवंटात, वारकऱ्यांनी केलेली घाण साफ करत. कोणी पाया पडायला आलं की चिडत, पळून जात, प्रसंगी काठी उगारत.

कीर्तनात तीन गोष्टी फिरून फिरून यायच्या : दारू पिऊ नका, कर्ज काढून सण-लग्न करू नका, पोरांना शाळेत घाला. तिसऱ्या गोष्टीबद्दल त्यांचा आग्रह टोकाचा होता. जेवायचं ताट मोडावं लागलं तर मोडा, भाकर हातावर घेऊन खाता येते. बायकोला लुगडं कमी किमतीचं घ्या. पण पोराची शाळा सोडू नका, अशा अर्थाचं ते सांगत. लुगड्याच्या मुद्द्यावर मला त्यांच्याशी थोडं भांडायचं आहे, धोतर कमी किमतीचं का नको. पण त्या आग्रहामागे कोणता अनुभव होता हे आता मला ठाऊक आहे. शिक्षणानं माणूस मोठा होतो, साहेब होतो, असलं काही त्यांच्या मनात नव्हतं. वाचता आलं की तुम्हाला कोणी फसवू शकणार नाही, इतकी ती रोखठोक गोष्ट होती. आणि कर्जाबद्दल म्हणाल तर, वीस वर्षांचं गृहकर्ज डोक्यावर घेऊन पुण्यात राहणाऱ्या माझ्यासारखीनं त्यावर फार बोलू नये. शिवाय आज वऱ्हाडातला शेतकरी कर्ज काढतो ते लग्नापेक्षा बियाण्याला आणि फवारणीला. त्याला नुसतं कर्ज काढू नको म्हणून चालणार नाही. बाबा आज असते तर त्यांनी प्रश्न बदलले असते असं मी धरून चालते.

आता येतो तो भाग, जो निबंधात यादी म्हणून पाठ केला होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, १९१७. मूर्तिजापूरचं गोरक्षण आणि धर्मशाळा, १९२५. नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा, १९५४. दवाखान्याच्या फुटपाथवर झोपणारी माणसं पाहून ती सुचलेली. पुढे त्यांच्या नावानं दादरला उभी राहिलेली धर्मशाळा आपल्यापैकी काही जणांनी दुर्दैवानं जवळून पाहिली असेल. टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या उपचारासाठी गेलेल्या वऱ्हाडातल्या कितीतरी घरांचा मुंबईतला पत्ता तोच असतो.

यादीत जे नव्हतं ते असं. या इमारतींपैकी एकही त्यांची नव्हती. लाखो रुपयांचं बांधकाम त्यांच्या शब्दावर व्हायचं, सावकार-शेठ-व्यापारी पैसे द्यायला रांगेत उभे असायचे, आणि हा माणूस स्वतः पैशाला हात लावायचा नाही. बांधलेल्या धर्मशाळेत राहायचा नाही, तिथलं जेवायचा नाही. बाहेर पडून चार घरी भाकर मागायचा. प्रत्येक ठिकाणी विश्वस्त नेमायचे, हिशोब ठेवायला लावायचे, ट्रस्टचा कागद करायचा. आणि त्या कागदांत आपल्या नातेवाइकांचा, वारसांचा या मालमत्तेवर काडीचाही हक्क नाही, हे लिहून घ्यायचं. बापाच्या नावाच्या धर्मशाळेत लेकीबाळींना फुकटची भाकर नाही. ८ फेब्रुवारी १९५२ ला या सगळ्या कामांसाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. आज त्याच्या आश्रमशाळा आणि वसतिगृहं चालतात.

हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते. ज्याच्या मामाचं वावर न वाचता आलेल्या कागदानं नेलं, त्या माणसानं कागदाचा राग धरला नाही. दुसऱ्याकडून वाचून घेऊन, एकेक कलम समजून घेऊन, त्यानं तोच कागद उलटा वापरला. सावकाराच्या कागदानं एकाचं काढून एकाला दिलं होतं. यांच्या कागदानं सगळ्यांचं ते कोणा एकाचं होऊ दिलं नाही, स्वतःच्या पोरांचंसुद्धा.

पोरांचा विषय निघाला म्हणून. एकुलता एक मुलगा गोविंदा १९२३ मध्ये गेला. बातमी आली तेव्हा बाबा घरापासून लांब कीर्तनात उभे होते. कीर्तन थांबलं नाही. चरित्रकार हे वैराग्याचं शिखर म्हणून सांगतात. मला ते पान उलटवत नाही. कदाचित थांबलो तर पुन्हा उभं राहता येणार नाही, असंही एखाद्या बापाला वाटू शकतं. कुंताबाईंना त्या दिवशी काय वाटलं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

स्वतः न शिकलेला हा माणूस शिकवणाऱ्यांच्या पाठीशी कसा उभा राहिला याच्या दोन गोष्टी सांगते. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या एका भाषणावरून सरकारची नाराजी झाली आणि रयत शिक्षण संस्थेचं अनुदान बंद पडलं. हजारो गरीब पोरांची वसतिगृहं धोक्यात आली. बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. चिंध्या पांघरलेल्या माणसाचा शब्द सरकारनं ऐकला आणि अनुदान सुरू झालं. १९५४ मध्ये कऱ्हाडला रयतचं कॉलेज निघालं त्याला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं. दुसरी गोष्ट चोखामेळा धर्मशाळेची. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कोणी आसरा देत नव्हतं, म्हणून ती बांधलेली. १९४९ मध्ये बाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, मुलांच्या वसतिगृहासाठी. एक अक्षरही न शिकलेला आणि एक कोलंबियात, लंडनमध्ये शिकलेला, दोघांना एकमेकांबद्दल किती आदर होता हे त्या काळच्या सगळ्यांनी सांगितलं आहे. एकानं जातीला देवाच्या दारात प्रश्न विचारले, दुसऱ्यानं कायद्याच्या. धर्मशाळेचं वसतिगृह झालं, यात मला बाबांच्या श्रद्धेचा सगळा प्रवास दिसतो : वारकऱ्याला आसरा हवा हे खरं, पण त्याच्या पोराला पुस्तक त्याहून आधी हवं.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. बाबा तेव्हा आजारी होते आणि ती बातमी त्यांना फार लागली. चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला मध्यरात्रीनंतर, गाडीतून अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा श्वास थांबला. ज्यानं पन्नास वर्षं छपराखाली मुक्काम टाळला त्याचा शेवटही घरात, दवाखान्यात किंवा त्यानंच बांधलेल्या एखाद्या धर्मशाळेत झाला नाही. आम्ही गावी जाताना तो पूल नेहमी लागायचा. एसटीत वडील न बोलता हात जोडायचे, आणि आम्ही बहिणी खिडकीसाठी भांडत असायचो.

माझं पुतळं, मंदिर, समाधी काही करू नका असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. अमरावतीत गाडगेनगरला समाधी आहे, मंदिर आहे, पुतळे तर गावोगावी आहेत. आपण लोक असेच. मी स्वतः परीक्षेच्या आधी त्या समाधीला नारळ फोडून आले आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला, गणितासाठी. गणित सुटलं. बाबांनी हे पाहिलं असतं तर काठीच घेतली असती. सरकारनं २००० साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, ते निदान त्यांच्या हातातल्या झाडूला धरून होतं. आणि आपलं विद्यापीठ. १९८३ मध्ये स्थापन झालेलं अमरावती विद्यापीठ २००५ मध्ये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ झालं. माझी डिग्री त्याआधीची, तिच्यावर नुसतं अमरावती. धाकट्या बहिणीच्या डिग्रीवर बाबांचं नाव आहे. या गोष्टीचा मला खरंच हेवा वाटतो. सही करता न येणाऱ्या माणसाचं नाव अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम, यवतमाळच्या लाखो पदव्यांवर छापून येतं.

आजोबांचा तो स्टॅम्पपेपर मी पुण्याला आणला आहे. वकिलाला दाखवला नाही. इतक्या वर्षांनी त्या वावराचं काही होणार नाही, आणि ज्यांच्याकडे ते गेलं त्यांच्या नातवंडांशी माझं भांडण नाही. मुलीला मात्र दाखवला. तिनं तो मोबाइलच्या उजेडात धरून अडखळत वाचला, तिचं मराठी तसं यथातथाच. अंगठ्यापाशी आली तेव्हा तिनं विचारलं, की आजोबांनी विचारलं का नाही काय लिहिलंय ते. मी तिला सांगितलं, विचारलं असणार. ज्याला विचारलं त्यानंच ते लिहिलेलं होतं.

शेवटी एक कामाचं. मेळाव्याच्या निमित्ताने शाळेच्या वाचनालयासाठी आपण जो निधी जमवतोय त्यातली माझी रक्कम मी समितीकडे पाठवली आहे. संगमरवरी पाटीवर देणाऱ्यांची नावं कोरायची की नाही, यावर ग्रुपवर चाललेला वाद मी वाचते आहे. माझं नाव नको, बॅचचं पुरे. पावती मात्र नक्की पाठवा.